गंभीर मानसिक आजार असलेल्या प्रौढांची प्रतिकारशक्ती: खान्देशातील घरांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

सिझोफ्रेनिया (भास-भ्रमांचा दीर्घ आजार), बायपोलर आजार (कधी उन्माद तर कधी नैराश्य येणारा) किंवा वर्षानुवर्षे चालणारे तीव्र नैराश्य असलेली माणसे इतरांपेक्षा सरासरी १० ते २० वर्षे आधी मरण पावतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. यातील बहुतेक मृत्यू आत्महत्येमुळे होत असावेत, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्यांतील मोठा वाटा हृदयविकार, मधुमेह, न्यूमोनिया यांसारख्या शारीरिक आजारांचा असतो आणि त्यांपैकी पुष्कळसे मृत्यू वेळीच लक्ष दिले तर टाळता येण्याजोगे असतात. या लेखात विचार केला आहे तो यातील एका भागाचा, म्हणजे अशा माणसाचे शरीर जंतुसंसर्गाशी नीट लढू शकावे यासाठी घराने काय करावे याचा.

प्रतिकारशक्ती कमी पडण्याची कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. या आजारांमध्ये शरीरात सौम्य पण सतत चालणारा दाह अनेकदा आढळतो. काही औषधांनी वजन आणि रक्तातील साखर वाढते, तर काही औषधे थेट पांढऱ्या पेशींवर परिणाम करतात. झोप बिघडलेली असते, जेवणाला वेळ नसते, विडी-तंबाखूचे प्रमाण जास्त असते आणि ऊन अंगावर पडत नाही. याखेरीज आणखी एक कारण आहे, ज्याकडे माझ्या मते सर्वांत कमी लक्ष जाते: रुग्ण आपला त्रास वेळेवर सांगू शकत नाही, आणि सांगितला तरी ‘डोक्याच्या आजारामुळे बोलतोय’ असे समजून ऐकणारे तो बाजूला सारतात.

खान्देशात यात अंतराची भर पडते. राज्यातील प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत एकही नाही. तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमही आहे, पण धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावरून नंदुरबारला जाणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे. त्यामुळे मनाचा डॉक्टर शहरात आणि तापाचा डॉक्टर गावात, अशी विभागणी आपोआप होते आणि दोघांनाही एकमेकांचे कागद कधी दिसत नाहीत. पुढे सांगितलेल्या बहुतेक गोष्टी हे दोन उपचार एकत्र आणण्यासाठी आहेत, आणि ते काम घरातील माणसाखेरीज दुसरे कोणी करणार नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. पुढे औषधांच्या दुष्परिणामांची चर्चा आहे, ती वाचून कोणीही चालू औषध आपल्या मनाने कमी किंवा बंद करू नये. औषध अचानक बंद झाल्याने आजार उलटतो. झोप, जेवण आणि स्वच्छता एकदमच कोलमडते आणि प्रतिकारशक्तीचे नुकसान उलट अधिक होते.

पहिली पायरी: दोन्ही उपचारांची एकच वही

शंभर पानांची साधी वही आणि कागद ठेवण्यासाठी प्लास्टिकची फाइल एवढ्यावर हे काम होते. वहीच्या पहिल्या पानावर रुग्णाचे नाव, वय, आजाराचे नाव, मानसोपचारतज्ज्ञांचा फोन नंबर आणि चालू औषधे लिहावीत. औषध लिहिताना कंपनीचे नाव पुरेसे नाही. पाकिटावर बारीक अक्षरात छापलेले मूळ घटकाचे नाव, त्याचे मिलिग्रॅम आणि घेण्याची वेळ लिहावी, कारण एकाच औषधाची नावे कंपनीगणिक बदलतात आणि गावातील डॉक्टरांना घटकावरूनच उलगडा होतो. दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन चालू असेल तर ते आवर्जून लिहावे, कारण गोळी दिसते म्हणून लक्षात राहते, इंजेक्शन मात्र विसरले जाते. आधी कोणत्या औषधाने अंगावर पुरळ किंवा सूज आली होती, तेही याच पानावर असावे.

पुढच्या पानांवर महिन्याचे वजन, रक्ततपासण्या, घेतलेल्या लसी आणि तापाच्या नोंदी तारखेसह लिहाव्यात. गावातील दवाखान्यात सर्दी-खोकल्यासाठी गेले तरी वही सोबत न्यावी आणि लाज न बाळगता सांगावे, “डॉक्टरसाहेब, आमच्या नानांना मानसिक आजाराची ही औषधे चालू आहेत, यांच्यासोबत चालेल असेच औषध द्या.” अनेक घरांत ही गोष्ट गावात कळू नये म्हणून लपवली जाते. ही भीती समजण्यासारखी आहे, परंतु डॉक्टरांपासून लपवल्याने चुकीच्या औषधाचा धोका रुग्णाच्याच अंगावर येतो.

दुसरी पायरी: आज शरीर कुठे आहे, हे तपासणे

पहिल्यांदा वजन, कंबरेचा घेर आणि रक्तदाब मोजावा. भारतीय पुरुषांत कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि स्त्रियांत ८० च्या वर गेली, तर मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढलेला समजतात. त्यासोबत सीबीसी म्हणजे रक्तपेशींची संपूर्ण मोजणी, उपाशीपोटी साखर किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी, कोलेस्टेरॉल, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या करून घ्याव्यात. बायपोलर आजारात दिले जाणारे लिथियम हे औषध चालू असेल तर थायरॉइडचीही करावी. शाकाहारी घरात किंवा मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बराच काळ चालू असल्यास बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी करणे योग्य ठरते.

नवीन औषध सुरू होण्यापूर्वी या तपासण्या झालेल्या असाव्यात, त्यानंतर तीन महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी. वजन मात्र दर महिन्याला पाहावे. तीस वर्षांवरील प्रत्येकाची मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य होते. आशाताईंना विचारले की तपासणीचा वार कळतो.

सातपुड्यातील आदिवासी कुटुंबांनी यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी जोडावी. नंदुरबार जिल्ह्यात हा आजार पुष्कळ आढळतो आणि त्यात प्लीहेचे काम बिघडल्यामुळे न्यूमोनियाच्या जंतूंविरुद्धचे संरक्षण कमी होते. सिकलसेल आणि मानसिक आजार अशा दोन्ही गोष्टी एका माणसात असतील, तर साधा तापही तातडीचा समजावा.

तिसरी पायरी: चालू औषधाची ओळख

सर्वाधिक काळजी घ्यावी लागते ती क्लोझापिन या औषधाची. इतर औषधांनी बरे न वाटणाऱ्या सिझोफ्रेनियात ते अत्यंत उपयुक्त आहे आणि अनेकांना त्यानेच पुन्हा कामाधंद्याला लावले आहे. मात्र शंभरात एकापेक्षाही कमी लोकांत ते जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत कमी करते. हा धोका पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो, म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला सीबीसी करतात आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, साधारणतः महिन्याला एकदा. रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिलची एकूण संख्या पाहावी. ती १५०० च्या खाली आली असेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना फोन करावा. तालुक्याच्या गावात रक्त देऊन रिपोर्ट मोबाइलवर मागवता येतो, त्यासाठी दर आठवड्याला जळगाव किंवा धुळे गाठण्याची गरज नाही; हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठरवून घ्यावे.

क्लोझापिनच्या बाबतीत आणखी तीन गोष्टी घरातल्या प्रत्येकाला माहीत हव्यात. या गोळीने तोंडात लाळ फार सुटते, विशेषतः रात्री, आणि ती झोपेत श्वासनलिकेत गेल्याने न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून कुशीवर झोपवावे, डोके थोडे उंच ठेवावे आणि लाळ जास्त असल्यास डॉक्टरांना सांगावे. दुसरे, मोठा संसर्ग झाला की शरीरात या औषधाचे प्रमाण वाढते, त्यामुळे तापात रुग्ण अचानक फार गुंगीत दिसू लागला तर ते केवळ अशक्तपण नसते. सिप्रोफ्लॉक्सासिन हे जुलाब-लघवीच्या संसर्गासाठी सर्रास दिले जाणारे अँटिबायोटिकही हे प्रमाण वाढवते. तिसरे, काही कारणाने ही गोळी सलग ४८ तासांहून अधिक काळ चुकली, तर पुन्हा पूर्वीच्याच मात्रेने सुरू करायची नसते. कमी मात्रेपासून चढत जावे लागते आणि ते डॉक्टरांना विचारूनच. आजारपणात, लग्नघरात किंवा प्रवासात नेमके हेच घडते.

कार्बामाझेपिन आणि व्हॅल्प्रोएट ही मनःस्थिती स्थिर ठेवण्यासाठी दिली जाणारी औषधे. कार्बामाझेपिननेही पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात. व्हॅल्प्रोएटने रक्तातील प्लेटलेट कमी होऊ शकतात, म्हणून डेंग्यूची शंका आली तर हे औषध चालू असल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे. लिथियममुळे पांढऱ्या पेशींचा आकडा काहीसा वाढलेला दिसतो, त्यामुळे केवळ त्या आकड्यावरून संसर्ग झाला असे कोणी म्हणत असेल तर वही दाखवावी.

लिथियमचा खरा धोका पाणी कमी पडण्यात आहे. जुलाब, उलट्या, उपवास किंवा उन्हाचा घाम यांमुळे शरीरातले पाणी आणि मीठ कमी झाले की लिथियम रक्तात साचू लागते. हात मोठ्या प्रमाणात थरथरणे, बोलणे जड होणे, चालताना तोल जाणे आणि उलट्या ही त्याची लक्षणे असून अशा वेळी थेट रुग्णालय गाठावे. अंगदुखी-तापासाठी मेडिकलमधून मागून घेतल्या जाणाऱ्या आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक या गोळ्यांनीही हेच होते; लिथियम घेणाऱ्या माणसाला तापासाठी पॅरासिटामॉल द्यावे.

सिझोफ्रेनिया आणि बायपोलर आजारात दिले जाणारे ओलान्झापिन आणि वर सांगितलेले क्लोझापिन यांनी भूक आणि वजन सर्वाधिक वाढते, आणि वाढलेली साखर जंतूंच्या पथ्यावर पडते. औषध सुरू झाल्यावर पहिल्या तीन महिन्यांतच वजन झपाट्याने वाढत असेल, तर डॉक्टर औषध बदलू शकतात किंवा जोडीला दुसरे देऊ शकतात. परंतु त्यांना ते कळते वहीतल्या आकड्यांवरून, ‘अंग धरलंय’ या कौतुकाच्या शब्दांवरून नाही.

चौथी पायरी: तापाचा घरचा नियम

घरात थर्मामीटर असावा आणि तो वापरता येणारे किमान दोघे असावेत. हात लावून ताप पाहण्यावर विसंबू नये. दीर्घकाळच्या सिझोफ्रेनियात काही रुग्णांना वेदनेची जाणीव किंवा ती बोलून दाखवण्याची क्षमता कमी असते, म्हणून पायाची जखम चिघळेपर्यंत किंवा न्यूमोनिया छातीत पसरेपर्यंत तक्रारच येत नाही. अशा वेळी वागण्यातील बदल हीच तक्रार समजावी: नेहमी जेवणारा माणूस जेवत नाही, पहाटे उठणारा दुपारपर्यंत पडून आहे, बोलणे एकाएकी असंबद्ध झाले आहे, कपड्यात लघवी होत आहे. हा आजार उलटला असेल असे मानण्यापूर्वी ताप, नाडी आणि शक्य असल्यास बोटावरच्या यंत्राने ऑक्सिजन पाहावा. ऑक्सिजन ९४ च्या खाली असेल तर दवाखान्यात न्यावे.

नियम असा ठरवावा. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला किंवा घसा दुखू लागला आणि रुग्ण क्लोझापिन किंवा कार्बामाझेपिन घेत असेल, तर त्याच दिवशी सीबीसी करावी आणि पुढच्या मात्रेबद्दल मानसोपचारतज्ज्ञांना विचारावे. क्लोझापिनच्या पहिल्या दोन महिन्यांत तापासोबत छातीत दुखणे, धाप किंवा नाडी फार जलद असणे दिसल्यास हृदयाच्या स्नायूला सूज आल्याची शक्यता तपासावी लागते. आणि कोणत्याही मानसिक आजाराच्या औषधावर असताना तीव्र ताप, अंग लाकडासारखे ताठ होणे, भरपूर घाम आणि भान हरपणे हे एकत्र दिसले, तर ‘बाहेरचं’ काही झाले असे समजून वेळ घालवू नये. ही औषधाची दुर्मीळ पण जीवघेणी प्रतिक्रिया असू शकते आणि तिथे तासांचे महत्त्व असते. देवाला नवस बोलायचा असेल त्यांनी तो रुग्णालयाच्या वाटेवर बोलावा.

पाचवी पायरी: लसी

माझे स्पष्ट मत असे आहे की प्रतिकारशक्तीसाठी पैसे खर्च करायचेच असतील, तर ते पहिल्यांदा लसीवर करावेत. मानसिक आजाराची औषधे चालू असताना या लसी घेता येतात.

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते. आपल्याकडे फ्लूची एक लाट पावसाळ्यात आणि त्यानंतर, तर दुसरी हिवाळ्याच्या उत्तरार्धात दिसते, म्हणून आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) पाऊस सुरू होण्यापूर्वी ही लस घेणे सोयीचे. सणाला लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, घरात हाताशी माणसे असतात आणि शेतीची कामेही हलकी असतात. न्यूमोकॉकल लस पासष्ट वर्षांवरील, तसेच मधुमेह, दमा, जुना फुप्फुसाचा आजार किंवा सिकलसेल असलेल्या आणि धूम्रपान करणाऱ्या प्रौढांनी डॉक्टरांना विचारून घ्यावी. हिपॅटायटिस बीची लस लहानपणी झालेली नसेल तर ० , १ आणि ६ महिन्यांनी अशा तीन मात्रांत घेतात. धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस दर दहा वर्षांनी घ्यावी. शेतात काम करणाऱ्या माणसाला तिची गरज वेगळी सांगायला नको. लसीनंतर एक-दोन दिवस कणकण येणे स्वाभाविक आहे, मात्र क्लोझापिन घेणाऱ्याला त्या वेळीही ताप आल्यास डॉक्टरांना कळवावे.

संशयाने ग्रासलेल्या माणसाला इंजेक्शन म्हणजे विष वाटू शकते. त्याला धरून-बांधून लस देऊ नये. प्रौढ माणूस मानसिक आजारी असला तरी उपचाराबाबत त्याचे म्हणणे विचारात घेणे हे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचेही सांगणे आहे, आणि एकदा विश्वास तुटला की पुढे गोळ्याही सुटतात. ज्याचे तो ऐकतो त्या आण्णा-आक्कांनी आधी स्वतः त्याच्यासमोर लस घ्यावी, त्याला विचारावे, आणि नाही म्हणाला तर महिन्याभराने पुन्हा विचारावे.

सहावी पायरी: ताट

खान्देशच्या ताटात मुळातच पुष्कळ काही आहे. अडचण असते ती रुग्णाच्या वाट्याला काय येते याची. कुठे उरलेले-सुरलेले ताट दाराशी ठेवले जाते, कुठे लाडाने दिवसभर फरसाण, केळीचे वेफर्स आणि गोड चहा पुरवला जातो. दोन्हींत प्रथिने कमी पडतात, आणि प्रतिकारशक्तीसाठी लागणाऱ्या पेशी व प्रतिपिंडे प्रथिनांपासूनच बनतात.

साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिने लागतात. एक वाटी घट्ट डाळ किंवा उसळीत ६ ते ७ ग्रॅम, एका अंड्यात ६ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत ७ ग्रॅमच्या आसपास, आणि एका मोठ्या पेल्यातील दुधात तितकीच असतात. उरलेली भाकरीतून मिळतात. कळण्याची भाकरी या दृष्टीने फार चांगली, कारण ज्वारीसोबत दळलेल्या उडदामुळे धान्य आणि डाळ यांची प्रथिने एकमेकांची उणीव भरून काढतात. हिवाळ्यात बाजरीची भाकरी, भरीत, मेथी किंवा कांद्याची पात आणि सोबत मुगाची किंवा मटकीची उसळ असे जेवण कोणत्याही डब्यातल्या पावडरीपेक्षा सरस आहे. शेवभाजी आणि वरण-बट्टी वर्ज्य करायची नाही, पण त्यांतील तेल-तूप पाहता ती आठवड्यातून एखाद्या वेळची ठेवावी. मधुमेह नसेल तर रोज एखादे केळे खायला हरकत नाही. रावेर-यावलच्या मुलखात ते सांगण्याची गरजही नाही. पेरू, लिंबू आणि आवळा यांतून क जीवनसत्त्व मिळते.

ओलान्झापिन किंवा क्लोझापिनमुळे रात्री उठून खाण्याची ओढ लागते. ही माणसाची हाव नसून औषधाचा परिणाम आहे, हे समजून घरात बिस्किटे आणि शेव समोर ठेवण्याऐवजी भाजलेले फुटाणे, ताक, काकडी हाताशी ठेवावीत. रागावून हे सुटत नाही, डबा बदलून पुष्कळ अंशी सुटते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रुग्णाला घरच्यांसोबत पंगतीत बसवावे. एकटा जेवणारा माणूस कमी किंवा वाईट जेवतो.

सातवी पायरी: झोप, तंबाखू, चालणे

निरोगी स्वयंसेवकांना सर्दीचा विषाणू देऊन केलेल्या अभ्यासांत रात्री सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी जास्त प्रमाणात झाल्याचे दिसले आहे. बायपोलर आजारात अपुरी झोप याशिवाय उन्मादाचा झटका आणू शकते. शेतीची वीज रात्री येते आणि पाणी भरायला जावे लागते, हे खान्देशातील वास्तव आहे. पण ज्या घरात बायपोलर रुग्ण आहे, तिथे रात्रीच्या पाण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे, भाऊबंदांशी बदली करावी, आणि रुग्णाला दिवसाचे काम द्यावे. लग्नसराईतल्या जागरणांनाही हेच लागू आहे.

तंबाखूबाबत एक बारकावा फारच कमी लोकांना माहीत असतो. विडी-सिगारेटच्या धुरामुळे यकृत क्लोझापिन आणि ओलान्झापिन जलद संपवते, म्हणून धूम्रपान करणाऱ्याला अधिक मात्रा द्यावी लागते. अशा माणसाने विडी एकाएकी सोडली, किंवा रुग्णालयात भरती झाल्याने ती सुटली, तर आठवडाभरात औषधाचे रक्तातले प्रमाण बरेच वाढून गुंगी, लाळ आणि फिटचे झटके येऊ शकतात. म्हणून विडी जरूर सोडावी, कारण फुप्फुसाच्या संसर्गाचे ते मोठे कारण आहे, पण सोडण्याचा दिवस डॉक्टरांना आधी कळवून मात्रा ठरवून घ्यावी. तंबाखू-चुना, मिश्री आणि गुटख्याचा औषधावर असा परिणाम होत नाही. त्यांचे नुकसान तोंडात होते. औषधांनी आधीच तोंड कोरडे पडून दात किडतात, हिरड्या सुजतात आणि तो संसर्ग कायमचा घर करतो. दिवसातून दोनदा ब्रश आणि वर्षातून एकदा दातांच्या डॉक्टरांची भेट ठेवावी. दारू, मग ती मोहाची असो वा दुकानातली, झोप आणि प्रतिकारशक्ती दोन्ही बिघडवते आणि औषधांची गुंगी वाढवते.

चालण्याचे प्रमाण आठवड्याला १५० मिनिटे धरतात, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. एकट्याला ‘फिरून ये’ म्हटल्याने कोणी जात नाही. सोबत कोणीतरी निघावे लागते. हिवाळ्यात सकाळी दहा-अकराच्या सुमारास हात-पाय उघडे ठेवून चालल्यास ड जीवनसत्त्वही मिळते. वर्षभर खोलीत राहिलेल्या माणसात ते बहुधा कमी असते, परंतु आठवड्याची ६०,००० युनिटची पुडी डॉक्टरांनी सांगितलेल्या आठवड्यांपुरतीच घ्यावी.

उन्हाळा मात्र वेगळा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि मनोविकाराची अनेक औषधे शरीराची उष्णता सोडण्याची यंत्रणा मंदावतात. हात-पाय ताठरू नयेत म्हणून दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल ही गोळी तर घामच कमी करते. अशा माणसाला सकाळी दहा ते संध्याकाळी पाचपर्यंत उन्हात पाठवू नये, तहान लागो न लागो ठराविक वेळांना पाणी, ताक किंवा पन्हे द्यावे.

आठवी पायरी: क्षयरोग, डास आणि बाकीचे

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, वजन घटणे, रात्री घाम किंवा संध्याकाळचा ताप असेल तर थुंकीची तपासणी करावी. ती आणि पुढचे उपचार सरकारी केंद्रात विनामूल्य आहेत, आणि निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत दरमहा १,००० रुपये मिळतात. मधुमेह असलेल्यांना क्षयरोगाचा धोका दुपटी-तिपटीने अधिक असतो. इथे वही पुन्हा कामी येते, कारण क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन अनेक मनोविकार-औषधांचा परिणाम कमी करते आणि औषधाला दाद न देणाऱ्या क्षयरोगात दिले जाणारे सायक्लोसेरिन भास-भ्रम वाढवू शकते. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधे ठाऊक असतील तर मात्रा जुळवून घेता येते. नसतील तर घरच्यांना वाटते की क्षयरोगाने वेड वाढले.

पावसाळ्यात मच्छरदाणी, उकळलेले किंवा क्लोरीन टाकलेले पाणी आणि आठवड्यातून एकदा पायांची, बोटांच्या बेचक्यांची तपासणी एवढे सांभाळले तरी पुष्कळ आजार दूर राहतात. चुलीच्या धुराच्या खोलीत रुग्णाची खाट टाकू नये.

नववी पायरी: काढे आणि पावडरी

करोनाकाळापासून घरोघरी गुळवेल पोहोचली आहे. ती नियमित घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला गंभीर इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले होते. व्हॅल्प्रोएटसारखी औषधे आधीच यकृतावर भार टाकतात, त्यांत ही भर नको. अश्वगंधेनेही काहींच्या यकृताला इजा आणि थायरॉइडमध्ये बदल झालेले आहेत, म्हणून बायपोलर रुग्णाने आणि लिथियम घेणाऱ्याने ती विचारल्याशिवाय घेऊ नये. स्वयंपाकातील हळद, आले, लसूण यांना हरकत नाही. आठवडे बाजारात ‘ताकदीची’ म्हणून मिळणारी नाव नसलेली पावडर मात्र घरात आणूच नये, कारण तिच्यात काय मिसळले आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

दहावी पायरी: सांभाळणाऱ्याची व्यवस्था

हे सगळे बहुतेक घरांत एकच माणूस करतो, बहुधा आई, बायको किंवा बहीण. तिलाच फ्लू झाला तर रुग्णालाही तो सहज होऊ शकतो, म्हणून लस तिनेही घ्यावी आणि तिची स्वतःची साखर, हिमोग्लोबिन व रक्तदाब त्याच फेरीत तपासून घ्यावा. वहीची माहिती घरातल्या दुसऱ्या एका माणसाला असावी, कारण ती कानबाईच्या सणाला चार दिवस माहेरी गेली आणि त्याच वेळी ताप आला, तर क्लोझापिनच्या रुग्णाचे काय करायचे हे मागे राहिलेल्याला कळायला हवे.

रात्री-अपरात्री विचारायला कोणी नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य फोन करता येतो आणि मराठीत बोलता येते. ताप किंवा गुंगीसारख्या तातडीच्या स्थितीत मात्र १०८ ची रुग्णवाहिकाच बोलवावी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक ठरलेल्या दिवशी उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात येते का, हे तिथल्या खिडकीवर विचारून ती तारीख वहीत लिहून ठेवावी, आणि त्याच दिवशी त्याच इमारतीत सीबीसी, साखर व टीडीची लस उरकून घ्यावी. डॉक्टरांसमोर बसल्यावर विचारायचे प्रश्न आदल्या रात्रीच लिहावेत: या औषधाने पांढऱ्या पेशी कमी होतात का, ताप आल्यास कोणाला फोन करायचा, पुढची रक्ततपासणी कोणत्या तारखेला, यंदाची फ्लूची लस कधी, आणि वाढलेल्या वजनाचे काय करायचे. उत्तरे तिथेच, डॉक्टरांसमोर, वहीत उतरवून घ्यावीत.